महादेवाचा वार

१

शुक्रवारी दोनच्या सुमाराला आम्ही गोधडीवाल्या बाया 'पोरांच्या हॉलात' शिरलो, तर भिंतीचा दात पडलेला.

खरं सांगते, आधी मला ते दिसलंच नाही. माघाचं ऊन होतं. वरच्या झरोक्यातनं चुन्याची भुकटी सावकाश खाली येत होती आणि त्या उजेडात सगळंच झोपेतल्यासारखं पांढरं झालेलं. आमच्या चपलांचा आवाजसुद्धा लांब कुठंतरी वाजल्यासारखा येत होता. एका वेळी किती गोधड्या अंथरता येतील ते बघायला मी पावलांनी जमीन मोजत होते. अकराव्या पावलाला कपाळ भिंतीपाशी आलं आणि समोर अंधार. एका विटेएवढा.

हा हॉल आमच्या बेलापूरजवळच्या कॉलेजाच्या आवारात आहे. पन्नास वर्षांमागं तिथल्याच पोरांनी मे महिन्याच्या सुटीत बांधला. तळ्याची माती काढली, विटा पाडल्या, भट्टी लावली, आणि कच्च्या विटेच्या बाजूवर प्रत्येकानं करंगळीनं आपलं नाव ओढलं. पुढं कुणा शहाण्यानं वरनं गिलावा थापला, नावं बुजली, आणि आत मोडकी बाकं पडली. आता तिथं कलाघर व्हायचं आहे. आमच्या गोधड्या, भारूडवाल्यांची तालीम, लेझीम, सगळं. म्हणून भिमाजी गवंडी महिनाभर गिलावा उतरवत होता आणि एकेक नाव भिंतीतनं वर येत होतं.

त्या अंधारात चुन्याच्या खड्याखाली एक चिठ्ठी होती. मी दुसरी पास. छापलेलं अक्षर लागतं, हातानं लिहिलेलं लागत नाही. केडगावची पंकजा, जी या कामाची इंजिनेर आहे, तिनं मोठ्यानं वाचली:

"वीट मी नेली. कुणाला बोल लावू नका. महादेवाच्या वारी जिथल्या तिथं ठेवीन."

तेवढ्यात प्राचार्य नृसिंहसर आले. त्यांनी चिठ्ठी बघितली, भोक बघितलं, आणि घाणीकडं बघितलं. चुना मळायची दगडी घाणी दाराबाहेरच आहे, आणि चुन्यात विटांची भुकटी घालावी लागते हे त्यांना ठाऊक होतं. सर म्हणाले, भिमाजीच्या हातनं वीट फुटली, त्यानं ती घाणीत दळली आणि वर कुणाकडनं तरी ही चिठ्ठी लिहून घेतली. इथल्या कामावर सोमवारचा उपास धरतो कोण, तर हाच.

मग ते भिमाजीकडं वळले. सर म्हणाले, "सोमवारी अकराला कलाघराची कमिटी येतेय. तोवर वीट जागेवर नसेल तर तुझं काम बंद. दुसरा माणूस येईल आणि सिमेंटनं सगळं लिंपून टाकील."

भिमाजीनं थापी पाण्यात धुतली, पोत्याला पुसली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली. म्हणाला, सोमवारपर्यंत कशाला, मी आजच चाललो.

२

भिमाजी माझ्या माहेरच्या गावचा. पाच गावांत चुन्याचा हात असलेला तो एकच उरला आहे. चोर म्हणून तो घरी गेला तर परत कुठल्या भिंतीला हात लावणार नाही, एवढं मी ओळखते त्याला. त्याच्या बापानं एकदा उलटं बोललेल्या पाटलाचा ओटा अर्धा सोडला होता. तो तसाच आहे अजून.

मी त्याला चिंचेखाली बसवलं आणि थापी माझ्या मांडीवर घेतली. म्हटलं, सोमवारपर्यंत ही माझ्यापाशी राहील, तुला न्यायची असली तर माझ्या हातनं ओढून ने. तो बसला.

मी विचारत गेले, तो सांगत गेला. त्या बाजूचा गिलावा सकाळीच उतरला होता. बारा वाजता तो घाणीपाशी भाकर खायला बसला, तिथंच त्याचा डोळा लागला. माघारी आला तो आमच्या मागोमागच. विटेवर काय नाव होतं, त्याला माहीत नाही. त्याला अक्षर येत नाही. पंकजा फोटो काढायची ते संध्याकाळी, तिरपं ऊन आलं की. म्हणजे त्या विटेचा फोटोही नाही.

"सोमवार धरतो म्हनून वीट गिळली का मी, आक्का?"

"गिळली असतीस तर उपास मोडला असता," मी म्हटलं. तो हसला नाही.

घाणीत मी हात घातला. चुना बोटांतनं मळला, लोण्यासारखा. विटेची भुकटी होती ती कालची, मुरलेली, रंगानं फिकी. ताजी वीट पडली असती तर लालभडक रेघ दिसली असती. घाणी निर्दोष होती.

मग मी परत भोकापाशी गेले. हॉल रिकामा होता. मी खोकले तर भिंतीनं उशिरानं खोकून दाखवलं. भोकाच्या कडांना बोट लावलं. भिमाजीची छिन्नी सरळ जाते, तिच्या खुणा मी महिनाभर बघत होते. इथले ओरखडे वाकडे होते, चंद्राच्या कोरीसारखे, आणि सगळे एकाच बाजूला झुकलेले. जुना चुना मऊ असतो, त्याला छिन्नीच लागते असं नाही.

असा ओरखडा मी आयुष्यभर जमिनीवर ओढला आहे. तो खुरप्याचा होता.

३

शनिवारी सकाळी नदीवरनं धुकं आलं आणि ते दुपारपर्यंत उसातनं उठायलाच तयार नव्हतं. त्या धुक्यात पंकजा भिंतीपुढं स्टुलावर बसली होती. मला वाटलं, झोपेत चालत आली असावी.

तिला विचारलं, भर दुपारी इथं कोण कोण होतं. ती म्हणाली, ती स्वतः ऑफिसात फोनवर होती. आत फक्त मनवा होती. मनवा कॉलेजातली पोर, होस्टेलवर राहते, ब्रशनं नावं साफ करते. आणि शेजारच्या वावरात कांदा खुरपणाऱ्या सहा बाया पाणी प्यायला आत येऊन जातात. मनवा त्यांना नावं वाचून दाखवते. कुणाचा भाऊ निघतो, कुणाचा चुलता निघतो.

"मंडेपर्यंत काय व्हायचं हो, आजी?" पंकजा म्हणाली.

मनवाला मी बोलावलं आणि म्हटलं, आमच्या गोधडीवाल्या बायांची यादी लिहून दे. तिनं मांडीवर वही घेऊन लिहिली. यादी पंकजाला दाखवली, चिठ्ठीशेजारी धरली. पंकजानं बोट ठेवून दाखवलं. 'क' ची शेपटी दोन्हीकडं सारखीच होती.

मनवाच्या डोळ्यांत पाणी आलं. चिठ्ठी तिनंच लिहिली, पण वीट तिनं नेली नाही. कुणी सांगून लिहिलं ते ती सांगणार नव्हती. तिला आईची शपथ घातली होती. पंकजा म्हणाली, सरांकडं घेऊन जाऊ, दोन मिनिटांत सांगेल. मी नको म्हटलं. पोरीला आईच्या शपथेवरनं ढकलून मिळालेलं उत्तर मला नको होतं. आणि मला कळायला लोकांची शपथ मोडावी लागावी, इतकी काही मी म्हातारी झाले नाही.

मी पंकजाला चिठ्ठी परत वाचायला लावली. मग आणखी एकदा. या शिकलेल्या लोकांचं असं असतं की त्यांच्या हातात कागद दिला की ते कागदाकडं बघतात. अक्षर कसं आहे, पेन कुठलं आहे. मला हातचं वाचता येत नाही, म्हणून मी डोळे मिटून ऐकत होते.

तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, थांब.

सर म्हणाले सोमवारी. भिमाजी म्हणाला सोमवार. पंकजा मंडे म्हणते. मीसुद्धा सोमवारच म्हणते. मग चिठ्ठीतच महादेवाचा वार कुठून आला? ही पोर आपल्या मनानं लिहिती तर सोमवार लिहिती. तिला जसं सांगितलं तसं तिनं उतरवलं.

"अक्षर पोरीचं आहे," मी पंकजाला म्हटलं, "पण जीभ म्हातारीची हाय. आणि त्या जिभेला 'सोम' म्हनता येत न्हाई."

पंकजानं विचारलं, म्हणजे बोबडी आहे का. मी कपाळाला हात लावला.

४

आमच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे शहरातल्या पोरींना हसण्यापुरतं माहीत असतं. पण नुसतं नावच घ्यायचं नाही असं नाही. नावाशी मिळताजुळता शब्दसुद्धा तोंडात आणायचा नाही. माझी एक नणंद होती, तिच्या नवऱ्याचं नाव गुळाजी. ती जन्मभर गुळाला 'गोडाचा खडा' म्हणाली आणि राहिली ती गुऱ्हाळांच्या गावात. तेव्हा जिला सोमवार म्हणता येत नाही, तिच्या घरी कोणीतरी सोमा, सोमाजी, सोमनाथ बसलेला असणार.

पंकजा स्टुलावरनं उतरली.

अडचण अशी, की मी बेलापूर सगळं डोळ्यांपुढनं फिरवलं आणि मला एकही सोमा सापडला नाही. आमच्याकडं माणसाचं कागदावरचं नाव बापाला आणि तलाठ्यालाच माहीत असतं. बाकी सगळे आप्पा, नाना, भाऊ.

तेव्हा पंकजाला आठवलं, की ऑफिसाच्या कपाटात श्रमदानाची जुनी हजेरीवही आहे. त्या मे महिन्यात रोज सकाळी पोरांची हजेरी घेत होते. तिनं ती आणली. कागद असा पिवळा पडलेला की उघडताना पाचोळ्यासारखा वाजला. वहीतली जी नावं तिच्या फोटोंत अजून आली नव्हती, तेवढीच मी तिला वाचायला सांगितली. सतरा निघाली. मनवा बाजूला उभी होती. मी वहीकडं बघत नव्हते, मनवाकडं बघत होते.

बाराव्या नावाला तिनं श्वास घेतला आणि सोडायचा विसरली.

"सोमनाथ भागुजी खर्डे," पंकजानं वाचलं. नावापुढं पुऱ्या महिन्याच्या खुणा होत्या, एकही खाडा नाही. पण कपाटातल्या पुढच्या वर्षीच्या हजेरीवहीत तो नव्हता. कॉलेज सुटलेलं.

शपथ मोडली नव्हती. पोरगी एक अक्षर बोलली नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि खर्ड्यांचा मळा नदीच्या पलीकडं कुठं आहे ते आठवायला लागले.

५

खर्ड्यांच्या मळ्यातनं खुरपणीला जाणारी एकच म्हातारी आहे, बनुबाई. तिच्यासोबत मी तीस वर्षांपूर्वी कांदा खुरपला आहे. तिच्या नवऱ्याला सगळे तात्या म्हणतात. हॉलावरनं गाडी निघाली की हा तात्या म्हणायचा, माझं नाव हाय त्या भिंतीत. लोक हसायचे, की गडी बैल हाकतो आणि सांगतो कॉलेजाच्या गोष्टी. मीही हसले आहे. ते सांगायला नको होतं, पण सांगते.

रविवारी मी पूल ओलांडून गेले. धुकं खाली नदीवर पडलेलं आणि पुलावर आपण एकटेच. पाण्याचा आवाज येतो पण पाणी दिसत नाही. वाटलं, पलीकडं मळा नसलाच तर?

मळा होता. बनुबाई अंगणात शेंगा फोडत होती. मी बसले, पाणी प्याले, पोराबाळांचं विचारलं. मग सहज म्हटलं:

"बने, आज रविवार का गं? मग उद्या कोनता?"

"उद्या महादेवाचा," ती म्हणाली, आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

मी पुढं विचारायच्या आत तीच उठली आणि मला पडवीत घेऊन गेली.

तात्या बाजेवर बसला होता. डोळे उघडे, पण ते आमच्यावर थांबत नव्हते. वर्ष झालं, तो सगळं विसरत चालला आहे. आधी वावर विसरला, मग पोरं, मग बनुबाई. पोरं त्याला दादा म्हणतात, गाव तात्या म्हणतं, ती तर 'अहो' म्हणते. कशालाच तो वळून बघत नाही. त्याच्या मांडीवर वीट होती आणि त्याची करंगळी तिच्यावरनं फिरत होती. एका टोकाला सुरू व्हायची, वर, खाली, गोल, दुसऱ्या टोकाला पोचायची आणि परत पहिल्यापासनं. घाई नाही, थांबणं नाही. बघताना मलाच गुंगी आल्यासारखं झालं.

बनुबाईनं सांगितलं ते असं. शुक्रवारी ती पाणी प्यायला आत गेली तेव्हा मनवा नावं वाचत होती आणि तिनं हे नाव वाचलं. पन्नास वर्षांत ते नाव तिनं फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं, आणि गेल्या पंधरा वर्षांत तर तेही नाही. भाकरीच्या सुटीत तिनं मनवाकडनं चिठ्ठी लिहून घेतली, खुरप्यानं वीट सोडवली, पदरात घातली आणि कांद्याच्या गोणीखाली ठेवली. वाटलं, हाताला लागली तर त्यांना आपण कोण ते आठवेल. तीन दिवस पुरतील.

"आठवलं?"

"न्हाई. पन हातातनं सोडंनात. काढून घ्यायला गेले तर रडत्यात, आक्का."

मी तिला म्हटलं, मागितली असतीस तर कुणी नाही म्हटलं नसतं.

ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की मीच बिनडोक. "कुनाची म्हनून मागू?" ती म्हणाली. "नाव सांगावं लागलं असतं."

मग मी तिला भिमाजीचं सांगितलं. त्याचं तिला कळलंच नव्हतं. चिठ्ठीत बोल लावू नका म्हटलं म्हणजे लोक लावत नाहीत, असं तिला वाटलं होतं. ती भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, वीट उद्या जाईल. आणि मग तात्याच्या करंगळीकडं बघत राहिली.

वीट त्याच्याकडनं ओढून घ्यायची हिंमत तिच्यात नव्हती, माझ्यातही नव्हती. म्हणून मी म्हटलं, माणसासकट आण.

६

सोमवारी साडेदहाला कांद्याचा टेम्पो हॉलापुढं थांबला. मागं खुर्ची बांधलेली, खुर्चीत तात्या, त्याच्या मांडीवर जुन्या लुगड्याचा धडपा पांघरलेली वीट. चार बायांनी खुर्ची उचलून भिंतीपाशी आणली. भिमाजीला मीच ओढून आणलं होतं. तो दारात उभा होता, आत येत नव्हता.

कमिटीची माणसं यायची होती. नृसिंहसर आले, त्यांनी धडपा सारून वीट बघितली. ते काही वाईट माणूस नाहीत, पण एकदा बोललेलं मागं घ्यायला त्यांना जड जातं. म्हणाले, वीट मिळाली हे बरं झालं. पण ती भिमाजीनंच या लोकांकडं नेऊन ठेवली नसेल कशावरून? या बाईंचा विटेशी संबंध काय? हे गृहस्थ कोण?

"घरचं मानूस," बनुबाई म्हणाली.

"नाव?"

झरोक्यातनं ऊन खाली आलं होतं, त्यात भुकटी तरंगत होती आणि सगळे तिच्याकडं बघत उभे. मी तोंड उघडलं. मनवानंही उघडलं. बनुबाईनं हात वर करून आम्हां दोघींना थांबवलं. दारातल्या भिमाजीकडं तिनं एकदा बघितलं.

"माझ्या तोंडात एक नाव अडकलं," ती सरांना म्हणाली, "म्हनून ह्याच्या नावाला डाग लागला. आता मीच सांगते."

तिनं पदर डोक्यावरनं नीट घेतला. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही. परत हलले.

"सोमनाथ," ती म्हणाली. "सोमनाथ भागुजी खर्डे."

हॉल मोठा आहे. भिंतींनी ते नाव थोडं उशिरानं परत म्हटलं.

तात्याची करंगळी थांबली. त्यानं मान वर केली, अंग ताठ केलं, आणि सरांच्या अंगावरनं पलीकडं कुठंतरी बघत म्हणाला, "हजर."

मग तो दोन्ही हातांवर टेकून उठायला लागला, बनुबाईनं बगलेत धरलं. उभा राहिल्यावर त्यानं वीट दोन्ही तळव्यांवर घेतली आणि दाराकडं वळला. तिथं भिमाजी होता, विटा देणाऱ्या पोरांच्या रांगेतला पुढचा माणूस असावा तसा.

"धर," तात्या त्याला म्हणाला. "पुढं दे."

भिमाजी आत आला. त्यानं वीट घेतली. रिकाम्या हातांनी तात्या पुढच्या विटेची वाट बघत उभा राहिला, रडला नाही. नृसिंहसरांनी चष्मा काढून पुसला. मग ते भिमाजीला म्हणाले की माझी चूक झाली. मोठ्यानं म्हणाले, बायांना ऐकू जाईल असं. मी थापी त्याला दिली.

त्यानं भोक भिजवलं, चुना पसरला आणि वीट उचलून अडखळला. त्याला वाचता येत नाही. नाव उलटं बसेल म्हणून त्यानं मागं वळून विचारलं की डावी बाजू कोणती. पंकजा आणि मनवा दोघी पुढं झाल्या.

पण बनुबाई आधीच तिथं पोचली होती. तिलाही अक्षर येत नाही. तीन दिवस तिनं ती करंगळी बघितली होती. तिनं विटेच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं.

"ही," ती म्हणाली. "सोमनाथ हितनं सुरू हुतो."